चुरमुऱ्यांचं धुकं

मिलवॉकीला लोक कशासाठी जातात ते मला माहीत नाही. आम्ही गेलो होतो टेबलाभोवती बसायला. परत आल्यावर ऑफिसात हे सांगितलं, तर मॅनेजरने विचारलं, "कुठलं टेबल?" आणि मी इतक्या उत्साहाने समजावून सांगायला लागले की त्याची पुढची मीटिंग बुडाली. तुमचंही काही महत्त्वाचं काम असेल तर ते आधी उरकून घ्या.

आधी खेळाबद्दल सांगते. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो गोष्ट सुरू करतो: तुम्ही घाटाच्या पायथ्याशी उभे आहात, दिवस कलतोय, वर किल्ल्यावर एकच दिवा दिसतोय. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण आता काय करणार ते बोलून सांगतात. जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. हरणं-जिंकणं असं फारसं नसतंच. तीन-चार तास मिळून एक गोष्ट रचायची आणि उठताना प्रत्येकाला वाटलं पाहिजे की ती आपल्यामुळेच झाली. अर्थात गोष्ट हवेत रचत नाहीत. नकाशे, पात्रं, कुठल्या दाराआड काय दडलंय, हे कोणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. अशा लिहून ठेवलेल्या खेळाला इथे 'साहस' म्हणतात. असं एक साहस मी लिहिलंय.

मी वैशाली. मूळची चिपळूणची, आता फ्रीमाँटची. सॉफ्टवेअर तपासणं ही माझी नोकरी, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढून मी पोट भरते. घरी हेच काम मी फुकट करते असं नवऱ्याचं म्हणणं. माझ्या साहसाचे नकाशे काढले प्रसादने. तो पुण्याचा, रेडमंडला प्रोग्रॅमर आहे आणि मिनिटाचा पक्का. तिसरी नेहा, ठाण्याची. न्यू जर्सीत रसायनशास्त्रात पीएचडी करते आणि माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असल्यामुळे मला ताई म्हणून वाट्टेल ते ऐकवते. आम्ही तिघं पाच वर्षं दर रविवारी कॉम्प्युटरच्या पडद्यावर भेटत होतो. प्रत्यक्षात एकदाही नाही.

आमच्या साहसाचं नाव 'मीठघाट'. कोकणातून मीठ घेऊन बैलांचा तांडा वर देशावर निघालाय, घाटात धुक्यात वाट चुकतो आणि एका किल्ल्यावर मुक्कामाला थांबतो. किल्ल्यावर एकटा किल्लेदार. तो सगळ्यांना दिवा देतो, अंथरूण देतो आणि दर थोड्या वेळाने एकच प्रश्न विचारतो: "माझा पहारा घ्यायला कोणी आलंय का?" हे सगळं आम्ही इंग्रजीत लिहिलं आणि एका साइटवर ठेवलं. तिथे जगभरातून कोणीही येऊन ते खेळायचं. नकाशावर काळं धुकं असायचं आणि खेळाडू पुढे जातील तसं ते विरत जायचं. पोलंडमधल्या एका शाळामास्तरांनी ते मुलांबरोबर खेळून आम्हाला पत्र लिहिलं होतं. ते मी अजून वाचते.

मग साइटवाल्यांची मेल आली. दिवाळीनंतर साइट बंद. धुकं, दारं, लोकांनी लिहून ठेवलेले खेळ, सगळं जाणार. पाच वर्षांचे रविवार कोणीतरी एक बटण दाबून पुसून टाकणार होतं आणि मला ते अजिबात सहन होत नव्हतं.

पडद्यावरची साहसं पुस्तकरूपात छापणारे काही छोटे प्रकाशक इथे आहेत. मी सगळ्यांना लिहिलं. उत्तर एकीचंच आलं. जोन तिचं नाव, सत्तरीची, वर्षाला एकच पुस्तक काढते. तिने चार ओळी लिहिल्या होत्या: "मी हस्तलिखितं वाचत नाही. मी टेबलावर बसते. मिलवॉकीत भरणाऱ्या खेळांच्या संमेलनात शनिवारी सकाळी दहाला. छापील नकाशा आणा, पडदा चालणार नाही. खेळ संपून मी उठेन तेव्हा माझं ठरलेलं असेल."

म्हणून मिलवॉकी.

शुक्रवार: खांद्याच्या खालची माणसं

पडद्यावर माणसं फक्त खांद्यापर्यंत असतात, हे मला विमानतळावर कळलं. प्रसादला मी बुटका समजत होते, तर तो ताडमाड निघाला. नेहा आवाजावरून भरभक्कम वाटायची, ती जेमतेम माझ्या कानापर्यंत पोचत होती. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून आधी खुळ्यासारखे हसलो. मग नेहाने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. मी घरी परत येईपर्यंत तो वाकडाच होता.

तिच्या पाठीवर एक बॅग होती आणि हातात दुसरी, फुगलेली पण वजनाला काहीच नाही.

"यात काय आहे?" प्रसादने विचारलं.

"चुरमुरे. ओक ट्री रोडच्या देशी दुकानातून आणलेत. फरसाण, चिंचेची चटणी, सगळं आहे. तीन दिवस मी सँडविच खाणार नाही यार. हॉटेलवर भेळ करू."

"तू विमानातून चुरमुरे आणलेस?"

"सिक्युरिटीवाल्यानेपण हेच विचारलं. त्याला मूठभर दिले."

संमेलनाचा हॉल नदीपासून चालत पाच मिनिटांवर. आत शिरलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. टेबलं, टेबलं आणि टेबलं. एवढ्या मोठ्या जागेत एकही स्टेज नाही! आपल्याकडे संमेलन म्हटलं की आधी स्टेज, मग हार, मग अध्यक्ष, आणि प्रेक्षक पंख्याखालची खुर्ची शोधत हिंडतात. इथे जो आला तो थेट खेळायलाच बसला. सरकत्या जिन्यावर एक बाई ड्रॅगनचे पंख लावून चढत होती. मागच्या अनोळखी माणसाला म्हणाली, "जरा धरता का?" आणि त्याने वरपर्यंत तिचे पंख नवरीच्या शालूचा पदर धरावा तसे सांभाळून नेले. फासे विकणारा माणूस शेंगदाणेवाल्यासारखा मापाने फासे घालत होता. मी दोन मापं घेतली. 

एका कोपऱ्यात छापील साहसांचं दुकान होतं आणि तिथे गर्दी जमवून वाद चालला होता. मुद्दा असा: जे पडद्यासाठी लिहिलं, ते छापण्यात अर्थ आहे का? एक दाढीवाला तावातावाने सांगत होता, "पडद्यावर दार उघडलं की करकर आवाज यायचा. पुस्तकात तो कुठून आणणार?" दुकानातली मुलगी शांतपणे म्हणाली, "तो आवाज आता तुम्ही तोंडाने काढायचा." मग सगळ्यांनी करकर आवाज काढून दाखवले. दाढीवाल्याचा सगळ्यात चांगला होता. नेहा म्हणाली, "ताई, ही माणसं आपली आहेत." मला अगदी तसंच वाटत होतं.

संध्याकाळी गावच्या रिवाजाप्रमाणे मासे. इथे शुक्रवारी घरोघरी, हॉटेलोहॉटेली तळलेले मासे खातात. जाड पिठात घोळवलेला पांढरा मासा, कोबीची आंबटगोड कोशिंबीर, काळसर राय ब्रेड आणि बटाट्याचं थालीपीठ. त्या थालीपिठाबरोबर सफरचंदाचा मुरांबा देतात. प्रसाद शाकाहारी, त्याने तीन थालीपिठं खाल्ली आणि मुरांब्याकडे शेवटपर्यंत संशयाने पाहिलं. मासा ताजा होता, कुरकुरीत होता, पण मी चिपळूणची. तिरफळ नाही, आगळ नाही, लाल तिखटाचा पत्ता नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी "कसा आहे मासा?" म्हणून विचारलं तेव्हा मी "उत्तम" म्हणाले. ते इतके खूश झाले की उरलेली दोन वाक्यं मी गिळून टाकली.

हॉटेलवर परतलो तर काउंटरवर निरोप असा की आमचं पार्सल आलंय, पण सामानाच्या खोलीची किल्ली मॅनेजरकडे आहे आणि मॅनेजर सकाळी नऊला येतो. पार्सल म्हणजे आमचा मोठा नकाशा, रेडमंडच्या एका छापखान्याने थेट हॉटेलवर पाठवलेला.

प्रसाद अस्वस्थ झाला. "वैशाली, प्रिंटला फायनल फाइलच गेली ना?"

"मी तपासून पाठवलीये, प्रसाद. ओळन् ओळ. मी तपासलंय म्हणजे तपासलंय."

हे वाक्य मी कुठल्या तोऱ्यात म्हटलं ते आठवलं की अजून कान गरम होतात.

शनिवार: टेबल

मॅनेजर साडेनऊला उगवला. नळकांडं काखेत मारून आम्ही धावत हॉल गाठला, तेव्हा दहाला दहा कमी होती. टेबलावर पाटी: 'मीठघाट. पाच खेळाडू. पडदे बंद.' खेळाडू अजून यायचे होते. प्रसादने नकाशा हलक्या हाताने उलगडला, कोपऱ्यांवर माझे दोन मापं फासे ठेवले आणि मागे सरकला.

किती सुंदर होता म्हणून सांगू! घाटाची वळणं, तटबंदी, धान्य साठवायचा अंबरखाना, बुरूज, बैल बांधायची जागा. पडद्यावर जे पाच वर्षं तळहाताएवढं बघितलं ते आता चादरीएवढं समोर पसरलेलं. मला रडायलाच यायला लागलं.

मग नेहा म्हणाली, "ताई, हे लाल काय आहे?"

प्रसादच्या फाइलीत नकाशाचे थर असतात, एकावर एक. तळाला डोंगर, त्यावर भिंती, त्यावर खोल्या, आणि सगळ्यात वर माझ्या टिपणांचा थर, फक्त सूत्रधारासाठी. छपाईआधी मीच प्रसादला सांगितलं होतं, "टिपणांचा थर चालू ठेव, मला मजकूर तपासायचाय." मी तो तपासला. एक स्वल्पविराम दुरुस्त केला. आणि थर बंद न करता तीच फाइल छापखान्यात पाठवली.

त्यामुळे नकाशावर, ठसठशीत लाल अक्षरांत: 'इथे पायरी सैल आहे.' 'या भिंतीमागे दार.' 'अंबरखान्याच्या जमिनीखाली पाण्याचं टाकं, कोणालाही माहीत नाही.' आणि अंबरखान्याच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, अख्ख्या साहसाचा जीव असलेलं वाक्य: 'किल्लेदार मेलेला आहे. खेळाडूंना सांगू नका.'

जन्मभर दुसऱ्यांना "साधं एवढं बघता आलं नाही?" असं विचारलंय मी. आता विचारायला समोर मीच होते.

 प्रसाद रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बॅगेतून हॉटेलचे कागदी रुमाल काढले आणि खोल्यांवर पसरायला लागला. वरून एसीचा झोत आला आणि रुमाल उडून शेजारच्या टेबलावर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या राक्षसांवर जाऊन बसले. नेहा म्हणाली टेप लावू. टेप काढताना नकाशाच फाटेल, मी म्हटलं. दहाला पाच कमी.

"लॅपटॉप?" नेहा.

"पडदा चालणार नाही," प्रसाद म्हणाला. "तिने लिहिलंय."

मी त्या पांढऱ्या, हलक्या, फुगलेल्या बॅगेकडे बघत होते. कुंभार्ली घाटातलं धुकं मी लहानपणापासून बघितलंय. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर पंजा दिसत नाही असं. "नेहा," मी म्हटलं, "चुरमुरे काढ."

"आत्ता भेळ?"

"धुकं!"

तिला क्षणात कळलं. आम्ही तिघांनी मुठी भरभरून चुरमुरे नकाशावर ओतले. एसीने कडेचे थोडे उडाले, पण थर जाड होता, बसला. दोन मिनिटांत घाट, तट, अंबरखाना, माझा मूर्खपणा, सगळं पांढऱ्याशुभ्र ढिगाखाली गेलं. फक्त पायथ्याची वाट उघडी ठेवली. केशरी जाकीटवाला एक स्वयंसेवक येऊन म्हणाला, "मॅडम, टेबलावर खाण्याचे पदार्थ?" नेहा गंभीरपणे म्हणाली, "हे हवामान आहे." आणि तो खरंच निघून गेला.

दहाच्या ठोक्याला खेळाडू आले. जोन, पांढरे आखूड केस, हातात विणकाम. कर्टिस, नेब्रास्काचा ट्रकवाला, गुरं वाहून नेतो, दाराएवढा रुंद. आणि ॲन व रूथ, दोघी सख्ख्या बहिणी, दोघी निवृत्त नर्स. पाचवी जागा रिकामी राहिली म्हणून नेहा बसली. प्रसाद माझ्या मागे उभा राहिला, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

जोनने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काय आहे?"

"धुकं," मी म्हटलं. "तुम्ही जिथे जाल तिथलं हाताने बाजूला करायचं."

तिने विणकाम खाली ठेवलं. माझ्या माहितीप्रमाणे ते तिने चार तास परत उचललं नाही.

काय खेळले ते लोक! बोटाने चुरमुरे सारत सारत तांडा घाट चढला. पडद्यावर धुकं आपोआप विरतं, तुम्ही काही करत नाही. इथे रूथ एकेक दाणा बाजूला करत होती, पुढे काय निघेल म्हणून श्वास रोखून. सैल पायरीचं टिपण मी वेळीच तळव्याने झाकलं. वरच्या दिव्यापाशी किल्लेदार भेटला. किल्लेदाराचा आवाज मी काढते, जरा घोगरा, चिपळूणच्या आमच्या पोस्टमनकाकांसारखा. त्याने सगळ्यांना दिवे दिले आणि विचारलं, "माझा पहारा घ्यायला कोणी आलंय का?" नेहा सोडून सगळ्यांना वाटलं, बिचारा म्हातारा, एकटा पडलाय. ॲनने त्याला आपल्याकडची अर्धी भाकरी दिली. त्याने घेतली आणि उशाशी ठेवून दिली. खाल्ली नाही.

इथून पुढे माझ्या आराखड्याप्रमाणे बुरूज, चोरदार, वटवाघळं, असा दीड तासाचा मजकूर होता. कर्टिसने एका प्रश्नात तो उडवून लावला.

"बैलांना पाणी कुठे आहे?"

"काय?"

"बारा बैल घाट चढून आलेत. मिठाची ओझी वाहून. आधी पाणी. मी जनावरं वाहतो, बाई, मला दुसरं काही सुचायच्या आधी पाणी सुचतं. एवढ्या उंचावर किल्ला बांधला म्हणजे पाणी कुठेतरी साठवलेलं असणारच."

पाच वर्षांत कितीतरी लोकांनी हे साहस खेळलं होतं. सोनं कुठे, शत्रू कुठे, दार कुठे, सगळं विचारलं. बैलांचं पाणी कोणीही विचारलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, आणि टाकं मीच लिहिलं होतं! मी वळून प्रसादकडे बघितलं. तो मोठ्या डोळ्यांनी कर्टिसकडे बघत होता.

फासे टाकले, चांगले पडले, म्हणून मी सांगितलं की पाण्याचा ओला वास अंबरखान्याकडून येतोय. कर्टिस सरळ अंबरखान्याकडे निघाला. आणि माझ्या लक्षात आलं की हा माणूस बोलता बोलता बाजूला सारलेलं धुकं तोंडात टाकतोय. मघापासून. मुठीमुठीने. नाश्ता केला नसावा.

"फार छान लागतं हे," तो म्हणाला आणि त्याने अंबरखान्याच्या मधोमध पंजा घातला.

मी "थांबा" म्हणेपर्यंत घास तोंडात गेला होता. खाली लाल अक्षरं.

 जोन पुढे वाकली आणि मोठ्याने, एकेक शब्द वाचला. "किल्लेदार मेलेला आहे. खेळाडूंना सांगू नका."

मला वाटलं, संपलं. जोन उठणार, विणकाम उचलणार, 'प्रयत्न चांगला होता' म्हणणार. पाच वर्षांचे रविवार, पोलंडच्या मास्तरांचं पत्र, प्रसादची वळणं, सगळं माझ्या एका न बंद केलेल्या थरापायी बुडालं.  मी माफी मागायला तोंड उघडलं.

तेवढ्यात रूथ हळू आवाजात म्हणाली, "म्हणूनच त्याने भाकरी खाल्ली नाही."

"मग आपल्याला दिवे कोणी दिले?" कर्टिस. त्याचं चावणं थांबलं होतं.

ॲनने नकाशाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "त्याला माहीत आहे का?"

"नाही," मी म्हटलं. माझा आवाज घोगराच येत होता. "त्याला कोणी सांगितलेलं नाही."

"किती दिवस?"

"तीनशे वर्षं."

बाकीच्या गटांनी इथवर पोचल्यावर काय केलं होतं सांगते. काहींनी तलवारी काढल्या. काहींनी त्याच्या कमरेच्या किल्ल्या चोरून पळ काढला. आमच्या साहसात एक तिसरी वाट लिहून ठेवलेली होती, पण तिच्यावरून कोणी चाललं नव्हतं. नेहाला ती माहीत होती आणि ती ओठ घट्ट मिटून बसली होती.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. मग ॲनने खुर्ची माझ्या बाजूला सरकवली. समोर जणू खरोखर कोणी उभं आहे अशी ती बोलायला लागली. नाटकी नाही, अगदी रोजच्या कामाच्या आवाजात.

"मी आलेय. तुमची पाळी संपली."

मी किल्लेदाराच्या आवाजात म्हटलं, "पहारा घ्यायला?"

"हो. आता मला सगळं नीट सांगून जा. कोण कोण आहे गडावर, कोणाला काय हवं, कोणाकडे लक्ष ठेवायचं."

मी सांगायला लागले. यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. सदरेच्या दाराची बिजागरी कुरकुरते, तेल घाला. टाक्याची तिसरी पायरी ओली असते. एक मांजर येते, तिला हाकलू नका. ॲन प्रत्येक गोष्टीला "कळलं" म्हणत होती आणि रूथ जोनची पेन्सिल घेऊन खरंच लिहून घेत होती. चाळीस वर्षं दवाखान्यात रोज सकाळी हेच केलं होतं दोघींनी. रात्रपाळीच्या बाईकडून एकेक पेशंट समजून घ्यायचा आणि मगच तिला घरी सोडायचं.

"आणखी काही?" ॲनने विचारलं.

"नाही. एवढंच."

"मग आता निघा. इथलं मी बघते."

मी फाशांच्या ढिगातून हाताला लागेल ते उचलून किल्ल्या म्हणून तिच्या तळहातावर ठेवलं. सूत्रधार रडत असेल तर खेळ पुढे कसा न्यायचा याचं टिपण मी कुठल्याच थरात लिहिलेलं नव्हतं. कर्टिस, तो दाराएवढा माणूस, बाहीने डोळे पुसत होता. शेवटी नेहाच म्हणाली, "बैलांना पाणी पाजूया?" आणि आम्ही बैलांना पाणी पाजलं.

दुपारचे दोन वाजले होते. जोन उठली. मीही उठले, शाळेत मुख्याध्यापिका आल्यावर उठतात तशी.

"एक विचारते," ती म्हणाली. "ते लाल वाक्य. ते मुद्दाम छापलंत?"

हो म्हणण्याचा मोह झाला नाही असं मी सांगणार नाही. "नाही. चूक आहे. माझी. तपासायचं काम माझं होतं आणि मी थर बंद करायला विसरले."

"हं." तिने विणकाम पिशवीत घातलं. "बाकीची काढून टाका. ते एक राहू द्या, आहे तिथेच, त्याच अक्षरांत. आणि पहिल्या पानावर लिहा, किती धुकं लागतं ते."

मला अर्थ लागायला वेळ लागला. प्रसादला लगेच लागला. त्याने मला मागून धरून उचललंच, आणि मी काही हलकी बाई नाही. माझा वाकडा चष्मा पडला. तो नेहाने उचलला आणि वर ती रडतही होती, "ताई, छापतायत! आपलं छापतायत!"

उरलेल्या धुक्याची आम्ही तिथेच भेळ केली. चिंचेची चटणी बघून केशरी जाकीटवाला पुन्हा आला. त्यालाही वाडगा दिला. कर्टिसने तीन वाडगे खाल्ले आणि नेब्रास्कात चुरमुरे कुठे मिळतील हे लिहून घेतलं.

रविवार: सरोवर

विमानाला वेळ होता म्हणून तिघं मिशिगन सरोवरावर गेलो. समोर पाणी, क्षितिजापर्यंत पाणी, लाटा, वाळू, वर पांढरे पक्षी. सगळं समुद्रासारखं, पण वास नाही. मी बोट बुडवून चाखून बघितलं. गोडं.

"मीठ नाही यात," मी म्हटलं.

"मग आपला तांडा इथे येऊ शकतो," प्रसाद म्हणाला. त्याने शनिवारपासून मला त्या फाइलीबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. मीच म्हटलं, "प्रसाद, सॉरी. तू विचारलं होतंस."

"विचारलं होतं," तो म्हणाला. मग म्हणाला, "थर बंद केला असतास तर ॲनने किल्ल्या घेतल्या असत्या का?"

 आम्ही शेजारच्या गाडीवरचं अंड्याचं घट्ट आइस्क्रीम खाल्लं. त्याला इथे कस्टर्ड म्हणतात आणि आइस्क्रीम म्हटलेलं इथल्या लोकांना आवडत नाही. मग विमानतळावर तिघांनी तीन दिशा धरल्या.

फ्रीमाँट

दिवाळीनंतर साइट बंद झाली. शेवटच्या रविवारी आम्ही तिघं तिथे गेलो, अंबरखान्यापाशी थांबलो, आणि ठरलेल्या वेळी पडदा पांढरा झाला. नेहा म्हणाली, "गेलं." कोणाला फारसं वाईट वाटलं नाही, कारण त्याच आठवड्यात पुस्तकाचा छापील नमुना जोनने तपासायला पाठवला होता.

मी तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि लाल पेन घेऊन बसले. चार तास लागले. दोन ठिकाणी स्वल्पविराम, एके ठिकाणी बैल बाराचे तेरा झालेले, पहिल्या पानावर 'चुरमुरे, एक मोठी पिशवी, आणि खेळाडू भुकेले असतील तर दोन' हे बरोबर. शेवटी घडी घातलेला नकाशा उलगडला. सैल पायरीचं टिपण गेलेलं, चोरदाराचं गेलेलं, टाक्याचं गेलेलं. अंबरखान्याच्या मधोमध ते एक वाक्य तसंच होतं.

नवरा मागून डोकावला. "अगं, हे काय? खेळाडूंना सांगू नका म्हणून नकाशावरच छापलंय? एवढी मोठी चूक तुला दिसली नाही?"

"दिसली," मी म्हटलं, आणि पेनाला टोपण लावलं.